सात मूळ पापे : मध्ययुगीन ख्रिस्ती विचार आणि आपली मराठी परंपरा

गर्व, लोभ, मत्सर, क्रोध, कामवासना, अधाशीपणा आणि आळस या सातांना ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणात ‘सात मूळ पापे’ म्हणतात. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या तयारीत आपल्यापैकी अनेकांनी ही यादी पाठ केलेली असते. परंतु ती कोठून आली, कोणी तयार केली आणि कशासाठी, याविषयी फारसे सांगितले जात नाही. परिणामी प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी ती केवळ एक जुनी यादी म्हणून उरते.

जालना जिल्ह्यातील कॅथलिक भाविकांसमोर हा विषय दोन बाजूंनी येतो. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकात जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली, तेव्हापासून या भागात प्रोटेस्टंट परंपरा रुजलेली आहे. त्या परंपरेतील आप्त विचारतात : “ही सात पापे बायबलमध्ये कोठे लिहिली आहेत?” दुसरीकडे, समर्थ रामदासस्वामींचे जन्मगाव जांब हे याच जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात आहे. ‘दासबोधा’चे पारायण करणारे शेजारी म्हणतात : “हे तर आमचे षड्रिपूच!” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्यासाठी मध्ययुगीन ख्रिस्ती समाजाने पाप आणि दुर्गुण यांविषयी काय विचार केला, हे पाहणे आवश्यक आहे.

पाप आणि दुर्गुण

मध्ययुगीन ईशज्ञानात या दोन शब्दांचे अर्थ वेगळे होते. पाप म्हणजे एखादी कृती, शब्द, विचार किंवा कर्तव्यात केलेली कसूर. दुर्गुण म्हणजे वारंवार केलेल्या पापामुळे मनाला पडलेले वळण. एकदा खोटे बोलणे हे पाप होय. खोटे बोलणे अंगवळणी पडणे हा दुर्गुण होय. मराठीत ‘व्यसन’ म्हटले की दारू, तंबाखू, जुगार डोळ्यांसमोर येतात. येथे अभिप्रेत असलेला अर्थ त्याहून व्यापक आहे. ज्याला कोणतेही व्यसन नाही, तोही मत्सराच्या किंवा गर्वाच्या सवयीने ग्रासलेला असू शकतो.

या सातांना ‘मूळ’ का म्हणतात, हेही यातून कळते. लॅटिन भाषेत त्यांना जे विशेषण आहे ते ‘शिर’ किंवा ‘प्रमुख’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले आहे. ज्याच्यामागून इतर पापे ओळीने येतात, ते प्रमुख पाप. सर्वांत भयंकर पापांची ही यादी नव्हे. खून, व्यभिचार, खोटी साक्ष यांचा तीत उल्लेखही नाही. कारण ही पापे कोठून उगवतात, हे ती दाखवते. मध्ययुगीन हस्तलिखितांत दुर्गुणांचे झाड रेखाटलेले आढळते. त्याच्या मुळाशी गर्व असतो आणि फांद्याफांद्यांवर बाकीचे दुर्गुण असतात. आपल्या शेतकरी बांधवांना हे चित्र समजावून सांगण्याची गरज नाही. हरळी किंवा कुंदा वरवर खुरपला तर पहिल्या पावसात पुन्हा फुटतो; काशी खोदून काढल्याशिवाय रान स्वच्छ होत नाही.

‘सात प्राणघातक पापे’ हे नावही प्रचलित आहे, पण त्यामुळे घोटाळा होतो. कॅथलिक धर्मशिक्षणानुसार पाप मरणप्राय होण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात : बाब गंभीर असणे, तिची पूर्ण जाणीव असणे आणि ती स्वेच्छेने केलेली असणे. म्हणून क्षणिक राग किंवा एखाद्या दिवशीचे अतिखाणे हे आपोआप मरणप्राय पाप ठरत नाही.

बायबलमधील आधार

ही सात नावे याच क्रमाने पवित्र शास्त्रात कोठेही आलेली नाहीत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात देवाला तिटकारा असलेल्या सात गोष्टी सांगितल्या आहेत, पण ती यादी वेगळी आहे. संत पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देहाच्या कर्मांची गणना केली आहे; ती सातापेक्षा पुष्कळ मोठी आहे.

तथापि या यादीमागील विचार मात्र बायबलचाच आहे. मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू सांगतात की माणसाला भ्रष्ट करणाऱ्या गोष्टी बाहेरून येत नाहीत, त्या त्याच्या अंतःकरणातून निघतात. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात द्रव्यलोभाला सर्व प्रकारच्या वाईटाचे मूळ म्हटले आहे. बेन सिराच्या ग्रंथात गर्व आणि पाप यांचा संबंध आरंभाचा सांगितला आहे. पापाचे मूळ अंतःकरणात शोधावे, हा त्या वचनांचा गाभा आहे. पुढील पिढ्यांनी तो शोध पद्धतशीरपणे केला आणि त्यातून ही यादी तयार झाली.

वाळवंटातील आठ विचार

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात अनेक ख्रिस्ती तपस्वी एकांतात राहत होते. त्यांच्यापैकी इव्हाग्रियस (सुमारे ३४५ ते ३९९) या विद्वान साधकाने प्रार्थनेत अडथळा आणणाऱ्या आठ विचारांची नोंद केली : अधाशीपणा, कामवासना, द्रव्यलोभ, खिन्नता, क्रोध, धर्मकृत्यांविषयीचा कंटाळा, पोकळ बढाई आणि गर्व. त्याने त्यांना ‘पापे’ म्हटले नाही, ‘विचार’ म्हटले. विचार मनात येणे आपल्या हाती नसते. त्याला घरात ठेवून घ्यायचे की निरोप द्यायचा, हे आपल्या हाती असते, असे त्याचे निरीक्षण होते.

ही शिकवण जॉन कॅसियन (सुमारे ३६० ते ४३५) यांनी पश्चिमेकडे नेली. इजिप्तमधील तपस्व्यांचा सहवास लाभल्यानंतर त्यांनी आजच्या फ्रान्समधील मार्सेय येथे मठ स्थापन केले आणि मठवासीयांसाठी लॅटिन भाषेत लेखन केले. त्यांच्या ‘संस्था’ या ग्रंथाचे शेवटचे आठ भाग या आठ दुर्गुणांना वाहिलेले आहेत. प्रत्येक दुर्गुणाचे स्वरूप, त्याची लक्षणे आणि त्यावरचा उपाय अशी त्यांची मांडणी आहे. वैद्याच्या ग्रंथासारखी ही मांडणी पुढे हजार वर्षे टिकली.

आठाचे सात कसे झाले?

पोप संत ग्रेगरी महान (पोपपदाचा काळ ५९० ते ६०४) यांनी ईयोबच्या ग्रंथावर विस्तृत भाष्य लिहिले. त्यात त्यांनी गर्वाला सर्व दुर्गुणांची राणी ठरवून यादीबाहेर, सर्वांच्या वर बसवले. तिच्या हाताखाली सात सेनापती मांडले : पोकळ बढाई, मत्सर, क्रोध, खिन्नता, लोभ, अधाशीपणा आणि कामवासना. मत्सर हा त्यांनी नव्याने घातला आणि कंटाळा खिन्नतेत सामावून घेतला. प्रत्येक सेनापतीमागे त्याची फौज असते, असे त्यांनी लिहिले. लोभामागून फसवणूक, खोटी शपथ, अस्वस्थता, हिंसा आणि दयेला पारखे झालेले कठोर मन येते. मत्सरामागून द्वेष, कुजबुज, निंदा, दुसऱ्याच्या संकटात आनंद आणि दुसऱ्याच्या भरभराटीत दुःख येते.

ग्रेगरी यांच्या या मांडणीमुळे मठातील शिकवण सर्वसामान्य भाविकांपर्यंत पोहोचली. पुढील शतकांत गर्व आणि पोकळ बढाई एकत्र झाले, खिन्नतेच्या जागी पुन्हा कंटाळा किंवा आळस आला आणि आपण आज शिकतो ती यादी स्थिरावली. तेराव्या शतकात सात लॅटिन नावांच्या आद्याक्षरांपासून ‘सालिगिया’ असा शब्द तयार करण्यात आला. यादी लक्षात राहावी, हा त्याचा उपयोग होता.

शिक्षा नव्हे, उपचार

सहाव्या शतकापासून आयर्लंडमधील मठांत प्रायश्चित्ताच्या पुस्तिका तयार होऊ लागल्या. कोणत्या पापाला किती दिवसांचा उपवास, किती प्रार्थना, याचे कोष्टकच त्यांत असे. आज ती कडक वाटतात. परंतु त्यांच्यामागे एक वैद्यकीय तत्त्व होते : विरुद्धाने विरुद्ध बरे होते. लोभी माणसाने दान द्यावे, बडबड्याने मौन पाळावे, आळशाने जागरण करावे.

या विचाराला सार्वत्रिक रूप मिळाले ते १२१५ मध्ये रोम येथे भरलेल्या चौथ्या लॅटरन परिषदेत. पोप इनोसंट तिसरे यांनी बोलावलेल्या या परिषदेने असा नियम केला की, समजूत आलेल्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्रीपुरुषाने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे आणि पुनरुत्थान सणाच्या काळात ख्रिस्तशरीर स्वीकारावे. त्याच नियमात धर्मगुरूंनाही बजावले आहे. त्यांनी कुशल वैद्याप्रमाणे जखमेवर द्राक्षारस आणि तेल ओतावे, पाप्याची परिस्थिती समजून घ्यावी आणि ऐकलेले कोणालाही कळू देऊ नये, असे परिषदेने सांगितले. दयाळू शोमरोनीच्या दाखल्याचा हा संदर्भ सहज ओळखू येतो.

वर्षातून एकदा सर्वांचे पापनिवेदन ऐकायचे तर धर्मगुरूंना मार्गदर्शक ग्रंथ हवेत आणि भाविकांना आत्मपरीक्षणाची सोपी रीत हवी. डॉमिनिकन संघाचे विल्यम पेराल्डस यांनी सुमारे १२३६ मध्ये दुर्गुणांवर मोठा ग्रंथ लिहिला. तो युरोपभर प्रवचनकारांच्या हाती गेला. सात मूळ पापे ही आत्मपरीक्षणाची रीत ठरली. चर्चच्या भिंतींवरील चित्रांत, प्रवचनांत आणि लोकभाषेतील काव्यांत ती दिसू लागली. इंग्लिश कवी चॉसर यांच्या ‘कँटरबरी टेल्स’मधील धर्मगुरूची कथा हे वास्तविक सात पापांवरील आणि त्यांच्या उपायांवरील प्रवचन आहे.

संत थॉमस आणि कवी दान्ते

संत थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) यांनी या विषयाला तात्त्विक बैठक दिली. माणूस वाईटाची इच्छा वाईट म्हणून करत नाही. त्याला त्यात काहीतरी चांगले दिसते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. लोभी माणसाला धनात सुरक्षितता दिसते, अधाशाला अन्नात सुख दिसते, क्रोधी माणसाला सूडात न्याय दिसतो. सुरक्षितता, सुख आणि न्याय या गोष्टी वाईट नाहीत. त्या चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या प्रमाणात शोधणे, हा दोष आहे. त्यामुळे संत थॉमस रागालाही सरसकट पाप म्हणत नाहीत. अन्यायाविरुद्धचा, विवेकाच्या ताब्यातील राग योग्य असू शकतो.

इटालियन कवी दान्ते (१२६५ ते १३२१) यांनी ‘दिव्य सुखान्तिका’ या महाकाव्याच्या दुसऱ्या भागात शुद्धिस्थानाचा पर्वत रंगवला आहे. त्याला सात कडे असून प्रत्येक कड्यावर एका मूळ पापाची शुद्धी होते. गर्विष्ठ पाठीवर जड शिळा वाहत वाकून चालतात. मत्सरी जनांचे डोळे तारेने शिवलेले असतात, कारण त्यांनी दुसऱ्याचे सुख वाकड्या डोळ्यांनी पाहिले. आळशी धावत राहतात. दान्तेंच्या मते ही सातही पापे प्रेमाचेच बिघडलेले प्रकार आहेत. गर्व, मत्सर आणि क्रोध यांत प्रेमाची दिशा चुकते, आळसात प्रेम अपुरे पडते, तर लोभ, अधाशीपणा आणि कामवासना यांत नश्वर गोष्टींवरील प्रेम मर्यादेबाहेर जाते. या पर्वतावरील प्रत्येक आत्म्याचे तारण निश्चित आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. तेथील क्लेश हे बरे होण्याचे क्लेश आहेत.

लोभ आणि सावकारी

दुर्गुणांचा विचार केवळ मठापुरता राहिला नाही, याचे ठळक उदाहरण म्हणजे लोभ. अकराव्या शतकानंतर युरोपात शहरे, बाजारपेठा आणि रोख पैशांचे व्यवहार वाढले. त्याबरोबर प्रवचनांत लोभाविरुद्धचा स्वर तीव्र झाला. ११७९ च्या तिसऱ्या लॅटरन परिषदेने उघडपणे व्याजबट्टा करणाऱ्यांना ख्रिस्तशरीर आणि ख्रिस्ती दफनविधी नाकारला. त्यांचे दानही स्वीकारू नये, असे ठरवले. लुबाडलेले परत केल्याशिवाय नुसत्या पश्चात्तापाचा उपयोग नाही, असे धर्मगुरू शिकवत. पुढील शतकांत भांडवल आणि व्यापार यांचे स्वरूप बदलले, तसा रास्त व्याजाविषयीचा विचारही बदलला. परंतु गरजवंताची अडचण पाहून त्याला पिळणे हे पापच मानले गेले.

‘जालना सोने का पालना’ ही म्हण आपल्या व्यापारपेठेच्या समृद्धीची साक्ष देते. बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांनी जिल्ह्याला नाव मिळवून दिले. त्याच जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला अवैध सावकारीचा फासही ठाऊक आहे. महाराष्ट्रात सावकारी नियंत्रणाचा नवा कायदा २०१४ मध्ये झाला. कायदा व्यवहारावर नियंत्रण ठेवू शकतो; अंतःकरणातील लोभाचे मूळ शोधणे हे आत्मपरीक्षणाचे काम आहे.

मराठीत हा विचार कसा आला?

ही मध्ययुगीन परंपरा मराठी भाषेत प्रवेशली ती सोळाव्या-सतराव्या शतकांत, गोव्यातील येशूसंघीय धर्मगुरूंच्या हातून. त्यांतील अग्रणी फादर थॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्लंडचे. ते १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये निवर्तेपर्यंत प्रामुख्याने साष्टीच्या परिसरात राहिले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग असून पहिल्यात जुन्या करारातील आणि दुसऱ्यात प्रभू येशूच्या जीवनातील कथा आहे. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली.

पहिल्या भागात देवदूतांच्या पतनाची आणि आदिमातापित्यांच्या आज्ञाभंगाची कथा येते. गर्वापासून पापाचा आरंभ, ही संत ग्रेगरी यांची शिकवण अशा रीतीने ओवीच्या चालीवर मराठी श्रोत्यांच्या कानी पडली. स्टीफन्स यांनी त्यासाठी परके शब्द लादले नाहीत. पाप, मुक्ती, वैकुंठ असे लोकांच्या तोंडचे शब्द त्यांनी घेतले आणि सैतानासाठी ‘देवचार’ हा कोकणपट्टीत परिचित असलेला शब्द वापरला. त्यांची कोकणी भाषेतील ‘ख्रिस्ती धर्मतत्त्वे’ ही प्रश्नोत्तरी १६२२ मध्ये, त्यांच्या निधनानंतर छापली गेली.

याच काळात युरोपात धर्मशिक्षणाची रीत बदलत होती. ट्रेंट परिषदेनंतर १५६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोमन धर्मशिक्षण ग्रंथात नैतिक शिकवणीची मांडणी दहा आज्ञांच्या आधारे केली गेली. प्रोटेस्टंट मंडळ्यांनीही दहा आज्ञांनाच प्राधान्य दिले. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांना सात पापांची यादी अपरिचित वाटते, त्याचे एक कारण येथे आहे. दहा आज्ञा काय करावे आणि काय करू नये हे सांगतात. आपण ते का मोडतो, हे समजण्यास सात मूळ पापांची मदत होते. दोहोंत विरोध नाही.

षड्रिपू आणि सात मूळ पापे

‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले त्या वर्षी जांब गावातील नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच पुढील काळातील समर्थ रामदास, आठ वर्षांचे होते. त्यांचा जन्म १६०८ चा. एकाच काळात एकाच भाषेत, ओवीसारख्या एकाच छंदात, दोन भिन्न परंपरा माणसाच्या मनाची चिकित्सा करत होत्या, ही गोष्ट मराठी ख्रिस्ती माणसाने आवर्जून लक्षात ठेवावी.

भारतीय परंपरेतील षड्रिपू म्हणजे काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर. यांपैकी काम, क्रोध, लोभ आणि मत्सर हे चार दोन्ही याद्यांत आहेत. मद हा गर्वाच्या जवळचा आहे. मोहाला मात्र ख्रिस्ती यादीत स्वतंत्र स्थान नाही. बुद्धीला येणारे आंधळेपण हा कामवासनेचा परिणाम म्हणून संत ग्रेगरी यांनी गणला आहे. याउलट अधाशीपणा आणि आळस षड्रिपूंमध्ये नाहीत. इजिप्तमधील तपस्व्यांना उपवास आणि एकांत यांत ज्या अडचणी आल्या, त्यांतून हे दोन विचार यादीत आले. समर्थांनी मात्र आळसाची गय केलेली नाही. ‘दासबोधा’त करंट्या माणसाची लक्षणे सांगताना आळसाची आवड आणि प्रयत्नाची नावड ते प्रकर्षाने मांडतात. दुसऱ्या दशकातील मूर्खलक्षण, तमोगुण आणि पढतमूर्ख यांवरील समास हे तर आत्मपरीक्षणाचे आरसेच आहेत.

साम्य असे मोठे आहे. भेदही ध्यानात घ्यावा. ‘रिपू’ म्हणजे शत्रू. त्याला जिंकायचे असते. ख्रिस्ती परंपरेने युद्धाची भाषा वापरली, पण संत थॉमस आणि दान्ते यांच्या मते दुर्गुण हे वाट चुकलेले प्रेम आहे. ते पुन्हा वाटेवर आणायचे असते. शिवाय ख्रिस्ती श्रद्धेनुसार हे काम केवळ स्वतःच्या बळावर होत नाही. पाप म्हणजे देवाशी आणि शेजाऱ्याशी असलेले नाते दुखावणे. म्हणून त्याची परिणती पापनिवेदन, क्षमा, भरपाई आणि नव्याने मिळणारी कृपा यांत होते. शेजाऱ्याने “हे आमचेच षड्रिपू” असे म्हटल्यास वाद घालण्याचे कारण नाही. दोघांनी मिळून समजून घेण्याजोगा हा विषय आहे.

खिन्नता : पाप की आजार?

मध्ययुगीन यादीतील एका शब्दाविषयी आज विशेष दक्षता हवी. ज्याला आपण ‘आळस’ म्हणतो, त्याचे मूळ ग्रीक नाव ‘अकेदिया’, म्हणजे आस्था न उरणे. दुपारच्या उन्हात तपस्व्याला आपली कुटी नकोशी होते, दिवस सरता सरत नाही, प्रार्थना निरर्थक वाटते आणि कोठेतरी निघून जावेसे वाटते, असे इव्हाग्रियसने त्याचे वर्णन केले आहे. हा कामचुकारपणा नव्हे. देवाच्या प्रेमाविषयी मन उदास होणे, असा त्याचा अर्थ संत थॉमस लावतात. अतिशय कामात असलेला माणूसही या अर्थाने ‘आळशी’ असू शकतो.

परंतु सततची खिन्नता, झोप उडणे, जगण्यात अर्थ न वाटणे ही मानसिक आजाराची लक्षणे असू शकतात. २०१२-१३ च्या भीषण दुष्काळाची झळ सर्वाधिक बसलेल्या जिल्ह्यांत जालना होता. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे दुःख मराठवाड्यातील गावागावांनी सोसले आहे. अशा घरात जाऊन मृताच्या पापाची चर्चा करणे हे ख्रिस्ती वर्तन नव्हे. पूर्वी आत्महत्या केलेल्यांना ख्रिस्ती दफनविधी नाकारला जात असे. १९९२ च्या ‘कॅथलिक धर्मशिक्षण’ ग्रंथात मात्र स्पष्ट केले आहे की गंभीर मानसिक विकार, तीव्र व्यथा किंवा भय यांमुळे अशा व्यक्तीची जबाबदारी कमी होते, तिच्या तारणाविषयी निराश होऊ नये आणि ख्रिस्तसभा तिच्यासाठी प्रार्थना करते. आजाराला पाप म्हणू नये, आणि आजारी माणसाला केवळ ‘प्रार्थना वाढव’ असे सांगून परत पाठवू नये. त्याला डॉक्टरांकडे नेणे हेही दयेचे कृत्य आहे. शासनाच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी विनामूल्य उपलब्ध आहे.

आत्मपरीक्षणासाठी

‘कॅथलिक धर्मशिक्षण’ ग्रंथात सात मूळ पापांचा उल्लेख आजही आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२३ पासून बुधवारच्या भेटींत दुर्गुण आणि सद्गुण यांवर प्रबोधनमाला सादर केली. तीत त्यांनी खिन्नतेचा स्वतंत्र विचार करून वाळवंटातील तपस्व्यांच्या आठ विचारांची आठवण करून दिली. सोळा शतकांपूर्वीची ही शिकवण अद्याप कालबाह्य झालेली नाही.

पुढील पापनिवेदनापूर्वी भाविकांनी ही यादी अशी वापरून पाहावी :

गर्व : माझी चूक दाखवणाऱ्याचे मी ऐकतो का? उपाय, नम्रता.
लोभ : कोणाच्या अडचणीचा मी फायदा घेतला आहे का? घेतलेले परत केले का? उपाय, औदार्य.
मत्सर : भावकीतील कोणाचे चांगले झाले तर मला वाईट वाटते का? उपाय, दुसऱ्याच्या यशाबद्दल देवाचे आभार मानणे.
क्रोध : बांधाच्या किंवा वाटणीच्या जुन्या भांडणाला मी अजून पाणी घालतो का? उपाय, क्षमा.
कामवासना : मी दुसऱ्या व्यक्तीला उपभोगाची वस्तू समजतो का? उपाय, शुद्धता आणि वैवाहिक निष्ठा.
अधाशीपणा : माझ्या खाण्यापिण्याचा, विशेषतः दारूचा भार घरच्यांना सोसावा लागतो का? उपाय, संयम.
आळस : प्रार्थना आणि शेजाऱ्याची सेवा मी उद्यावर ढकलतो का? उपाय, रोजची छोटी, ठरावीक निष्ठा.

सातही प्रश्नांची उत्तरे एकाच दिवशी शोधण्याची गरज नाही. बहुतेकांच्या बाबतीत एखादेच मूळ अधिक खोल गेलेले असते आणि इतर पापे त्यातून फुटत असतात. ते एक ओळखले, तर वर्षानुवर्षे त्याच त्या पापांची उजळणी करणारे पापनिवेदनही बदलू शकते. लॅटरन परिषदेने धर्मगुरूला वैद्य म्हटले आहे. वैद्याकडे जाताना आपले दुखणे कोठे आहे, हे रुग्णाला सांगता आले, तर उपचार सोपा होतो.